तुतीजवळचं वळण

गावात सगळे तिला काकी म्हणत आणि तिच्या नवऱ्याला काका. काका म्हणाले, काकी म्हणाली. त्यांना मान, तिला आपलेपणा, अशी वाटणी गावाने केव्हाच करून टाकली होती आणि त्यावरून काकीने कधी भांडण काढलं नव्हतं. आपणही तसंच म्हणू. मात्र गावाला ठाऊक नसलेली एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी, म्हणजे पुढचा घोळ समजायला सोपा जाईल. काकांचं शेत काकी नांगरत होती.

यात एवढं लपवण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. खुरपणी, धारा काढणं, कोंबड्या, चारा, पाणी भरणं ही कामं बायका करतच होत्या. त्यांना काम म्हणायची त्या गावात पद्धत नव्हती, इतकंच. पण ट्रॅक्टरची गोष्ट वेगळी. ट्रॅक्टरच्या सीटवर जो बसतो तो शेतकरी, आणि बाकीची सगळी त्याच्या घरची माणसं, असा सरळ हिशेब होता. आणि काकांचा उजवा हात थरथरायला लागला होता.

आधी चहाचा कप बशीत वाजायला लागला. मग दाराची कडी एका झटक्यात लागेना. मग एका संध्याकाळी ट्रॅक्टर बांधावर चढला आणि तिथेच अडकून बसला. काकांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. पुढच्या नांगरटीचे दिवस आले, तेव्हा एका रात्री त्यांनी ट्रॅक्टरची किल्ली स्वयंपाकघरात चहाच्या डब्याजवळ ठेवली. आपला जाड कोट काकीच्या खुंटीला अडकवला, त्यावर टोपी ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपून गेले.

काकी त्या किल्लीकडे बराच वेळ बघत राहिली. तिच्या वडलांना सगळ्या मुलीच. त्यांनी तिला लहानपणीच ट्रॅक्टरवर बसवून नांगर शिकवला होता आणि शिकवतानाचा त्यांचा एकच धोशा असे, तास दोरी ताणल्यासारखं गेलं पाहिजे. नांगराच्या फाळाने जमिनीत जी रेघ पडते तिला तास म्हणतात. काकीचं तास असं पडायचं की शेजारचे शेतकरी थांबून बघत. लग्न झालं आणि ते सगळं संपलं. घरात चालवणारा असताना बाईने कशाला, असं कुणीतरी म्हणालं, आणि तो विषय तिथेच मिटला.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत काकी कोट घालून, टोपी कानांवर ओढून शेतात गेली. तेव्हापासून हेच चाललं होतं. किल्ली चहाच्या डब्याजवळ दिसली की उद्या नांगरायचं. दोघांत या विषयावर एकही शब्द झाला नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मूठ झाकलेली राहावी म्हणून काकीने काय काय केलं होतं! रस्त्यापलीकडचा दूधवाला पहाटे सायकल काढताना लांबून हात वर करायचा. काका उत्तरादाखल फक्त दोन बोटं वर करत. काकीही दोनच बोटं वर करू लागली. बसताना ती काकांसारखा डावा खांदा पाडून बसे. आणि सगळ्यात अवघड होतं ते तुतीजवळचं वळण. शेताच्या मध्याला बांधाशी तुतीचं जुनं झाड होतं. तिथवर आलं की काकांचं तास थोडं झाडाकडे वळायचं आणि पुढे जाऊन पुन्हा ताळ्यावर यायचं. का, ते देवाला माहीत. सगळा गाव त्यावरून हसायचा. काकांचं बोलणं आणि काकांचं तास, दोन्ही अर्ध्यावर गेलं की भरकटतं, असं म्हणायचा. आता शेत सरळ नांगरलेलं दिसलं असतं, तर लोकांना संशय आला असता. म्हणून काकी तुतीजवळ मुद्दाम वळायची. एखाद्या शिंपिणीने जाणूनबुजून वाकडी टीप घालावी, तसं तिला व्हायचं. प्रत्येक वेळी वडलांची क्षमा मागून ती स्टिअरिंग फिरवायची.

असं सगळं सुरळीत, म्हणजे वाकडं, चाललेलं असताना गावात प्रश्नवाली आली.

ती समाजकार्याच्या कॉलेजात शिकणारी मुलगी होती. खांद्याला जड पिशवी, पायांत शहरी बूट आणि त्यांच्यावर गावभरचा चिखल. शेतकरी घरांतल्या बायका आणि पुरुष कसे जगतात, कोण किती राबतं, कोणाला कसली चिंता असते, झोप लागते का, यावर ती संशोधन करत होती. शाळेमागच्या खोलीत राहून ती घरोघर फिरे. तिचा एक नियम होता. नवऱ्याला आणि बायकोला वेगवेगळं विचारायचं, आणि एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही.

“म्हणजे काकी, तुम्ही थोडा वेळ अंगणात बसाल का?” तिने विचारलं.

“बसते की,” काकी म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. तिचाही इलाज नव्हता, चुलीवर दूध होतं. बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये फळ्यांची भिंत, आणि त्या भिंतीतून माणसाचा उसासासुद्धा आरपार ऐकू यायचा.

काका आधी हो-नाही एवढंच बोलत होते. तब्येत बरी. जेवण होतं. मुलगा कारखान्यात असतो, फोन करतो. मग मुलीने विचारलं, “शेतातलं कुठलं काम तुम्ही स्वतः करता?”

“नांगरट,” काका म्हणाले.

काकी गालातल्या गालात हसली. म्हणू देत. पुरुषाला एवढं तरी म्हणता आलंच पाहिजे.

“अजून जमतं तुम्हाला?”

“न जमायला काय झालं? आज पहाटेच केली की. तुतीपाशी फाळ खटकन वाजला. बघतो तर दगड. चपटा, हा एवढा. उतरलो, हाताने उकरला, ओढला, तर तो एकदम सुटला आणि मी मागच्या मागे धपकन बसलो. अशी शिवी घातली त्याला! मग ढकलत ढकलत बांधाला नेऊन टाकला.”

काकीच्या हातातला डाव तसाच राहिला. तो दगड तिला लागला होता. धपकन तीच बसली होती आणि शिवीही तिनेच घातली होती, काकांकडूनच शिकलेली. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय? मग यांना कसं कळलं?

“आणि मग,” काका पलीकडे जरा हळू आवाजात म्हणाले, “खरं सांगू का तुम्हाला, कधी कधी मला असं…”

नेमकं त्याच वेळी दूध उतू गेलं. काकी धावली, भांडं उतरवलं, चूल फसफसली, फडकं सापडेना. ती परत फळीला कान लावते तोवर काका कोंबड्यांबद्दल बोलत होते.

थोड्या वेळाने तिची पाळी आली. काका काठी घेऊन बाहेर गेले. काकी खुर्चीत टेकली. दूध उतू गेलेलं आणि डोकंही.

“दिवसभरात तुम्ही काय काय करता, काकी?”

“काही नाही. घरचंच.”

मुलीने लिहून न घेता नुसतं बघितलं. “घरचंच म्हणजे?”

काकीने सांगायला सुरुवात केली. गायी, शेण, धारा, कोंबड्या, चहा, स्वयंपाक, खुरपणी, पुन्हा गायी. सांगता सांगता ती स्वतःच कंटाळली.

“आणि नांगरणी कोण करतं?”

खरं सांगावं, तर काका खोटे पडतात. खोटं सांगावं, तर त्यात नवीन काय होतं? पण तो दगड तिच्या डोक्यातून जाईना.

“ते,” ती म्हणाली. “काका.”

मुलीने लिहिलं. मग पिशवीतून पाच कार्डं काढून टेबलावर मांडली. प्रत्येकावर एकेक गोल तोंड. पहिलं रडवेलं, शेवटचं खुशीत, मधली त्यांच्या अधलीमधली. “अलीकडे तुम्हाला बहुतेक वेळा कसं वाटतं? यातलं तुमचं तोंड कुठलं?”

काकीने पाचही तोंडं नीट पाहिली. एक उचललं, ठेवलं, दुसरं उचललं. “यात माझं नाही दिसत गं,” ती म्हणाली. “काही कळेनासं झाल्यावर माणसाचं तोंड कसं होतं, ते तुम्ही काढलंच नाहीत.”

मुलगी हसली, पण तिने ते वाक्य लिहून घेतलं. “मनात काही आलं तर कुणाशी बोलता?”

“ट्रॅक्टरशी,” काकीच्या तोंडून निघून गेलं.

मुलीने मान वर केली.

“म्हणजे… तो चालू असला की आवाज मोठा असतो ना,” काकीने सारवासारव केली. “त्यात कुणाला काही ऐकू जात नाही. म्हणून म्हटलं.”

मुलगी निघाली, तेव्हा काकी तिला फाटकापर्यंत पोचवायला गेली आणि कुणी बघत नाहीसं पाहून तिने तिचा दंड धरला. “मुली, ते शेवटी काय म्हणाले गं? ‘कधी कधी मला असं’, याच्या पुढे?”

“काकी, तुम्ही अंगणात नव्हतात वाटतं.”

“दूध होतं.”

“मला सांगता येत नाही. नियमच आहे तसा.” मुलगी पिशवीच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. तिचाही चेहरा त्या पाचांत न बसणारा झाला होता. “पण तुम्ही त्यांनाच विचारा ना. लवकर विचारा.”

त्यांनाच विचारा! हे म्हणजे गच्चीवरून उडी मारा म्हणण्यासारखं होतं. त्या घरात मीठ कमी आहे का ते विचारत, पाहुणे कधी येणार ते विचारत. बाकीचं आपोआप कळायचं किंवा कळायचं नाही.

आणि ‘लवकर’ कशासाठी? काकांची थोरली बहीण शेवटी शेवटी अशीच झाली होती. मेलेल्या नवऱ्यासाठी ताट वाढून ठेवायची आणि तो का येत नाही म्हणून दाराशी बसून राहायची. तिचंही पहिल्यांदा असंच काहीबाही सुरू झालं होतं. न केलेली कामं ती केली म्हणून सांगायची. सगळे हसायचे. काकीही हसली होती.

पण मग दगडाचं काय? डोक्यात बिघाड झालेला माणूस एक वेळ खोटंच सांगेल. न बघितलेलं खरं कसं सांगेल? म्हणजे कुणीतरी बघितलं आणि त्यांना सांगितलं. म्हणजे गावाला कळलं. एकीकडे काका हातचे जाणार, दुसरीकडे काकांची अब्रू जाणार, आणि यातलं कुठलं खरं निघालेलं आपल्याला बरं, हेही काकीला ठरवता येईना.

दुपारी ती दूधवाल्याच्या घरी गेली. गेली दगडाचं विचारायला आणि बसली बरोबर नेलेल्या भेंड्या निवडायला. ताकाला जाऊन भांडं लपवणं दुसरं काय असतं! दूधवाल्याची बायको मोठी बोलघेवडी. काकीने इकडचं तिकडचं काढून शेवटी विचारलं, “तुमच्याकडचे पहाटे लवकर जातात, नाही? काही दिसतं का त्या अंधारात?”

“दिसतं तर! रोज येऊन सांगतात ना मला,” शेजारीण म्हणाली. “काकांचं कौतुकच करतात बाई. म्हणतात, या वयात माणूस काळोखात ट्रॅक्टरवर! आणि मला टोमणा. काकी नशीबवान आहे म्हणतात, अजून झोपलेली असेल.”

“असते ना,” काकी म्हणाली. “चांगली पालथी पडून झोपते.”

“बघा. आणि तास अजून तस्संच तिरपं म्हणे! तुतीला भेटल्याशिवाय पुढे जात नाही.” शेजारीण पदार्थ चाखल्यासारखी मिटक्या मारत हसली.

काकी रिकाम्या हाताने परत आली, म्हणजे निवडलेल्या भेंड्या तिथेच विसरून. गावाला काही कळलेलं नव्हतं. म्हणजे कुणी बघितलेलं नव्हतं. म्हणजे उरलं ते एकच, काकांचं डोकं, आणि ते कबूल करायला तिचं मन तयार होईना.

रात्री जेवताना तिने काकांकडे चोरून पाहिलं. ते नेहमीसारखेच होते. चमचा तोंडापर्यंत नेताना थरथरत होता आणि ते त्याच्याकडे, तो दुसऱ्या कुणाचा असल्यासारखे बघत होते.

“उद्या नांगरायचंय का?” काकीने विचारलं. असं तिने कधीच विचारलं नव्हतं.

काकांनी चमचा खाली ठेवला. “बघू,” ते म्हणाले. “जमीन ओली आहे जरा.”

हे शहाण्या माणसाचं उत्तर झालं की वेड्याचं? काकी त्यावर विचार करत भांडी घासत बसली. झोपायला जाताना पाहिलं, तर किल्ली चहाच्या डब्याजवळ होती.

अंथरुणात तिने ठरवलं. आपण विचारू शकत नाही ना, मग नांगर विचारेल. उद्या तास सरळ न्यायचं, तुतीजवळून, वडलांनी शिकवलं तसं. नांगरते ती बायको, हे काकांच्या ध्यानात असलं, तर आता गावाला कळेल म्हणून चिडतील, काहीतरी बोलतील. आणि सरळ तास बघूनही ‘मीच नांगरलं’ म्हणाले, तर… तर मुलाला फोन करायचा. त्यापुढचं तिला सुचलं नाही.

पहाटे तिने कोट घातला, टोपी ओढली. काका भिंतीकडे तोंड करून पडलेले होते. ट्रॅक्टर सुरू झाला. दूधवाल्याचा हात वर गेला, तिची दोन बोटं वर झाली. तिने नांगर टाकला.

तुतीचं झाड जवळ आलं. हात आपोआप वळायला निघाले, तिने ते दाबून धरले. झाड बाजूने निघून गेलं. मागे वळून पाहिलं, तर अंधुक उजेडात काळं तास सरळ पडलेलं होतं, एकाही ठिकाणी न डगमगता. काकीचा ऊर भरून आला. नवऱ्याची परीक्षा घ्यायला निघालेली बाई इतकी खूश होते का, असा प्रश्न पडेपर्यंत ती खूश होती. म्हातारपणी आपल्याला एवढा आनंद होऊ शकतो, हे तिला माहीतच नव्हतं.

टोकाला वळून ती परत येत होती, तेवढ्यात कोंबड्यांच्या खुराड्यामागून एक माणूस काठी उगारत शेतात धावत आला. धावत कसला, ढेकळांतून अडखळत. पायांत घरातल्या सपाता, अंगावर पांघरूण.

“अरे थांब! ए!” तो ओरडत होता. “कोण आहेस तू? उतर खाली! माझा ट्रॅक्टर आहे तो!”

काकीने करकचून ब्रेक दाबला. इंजिन बंद पडलं. काका समोर उभे होते आणि त्यांची काठी, हात, हनुवटी, सगळंच थरथरत होतं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. ते घाबरलेले होते. इतक्या वर्षांत काकीने त्यांना कधी असं पाहिलं नव्हतं, आणि ते तिलाच घाबरले होते.

तिने टोपी काढली. केस मोकळे झाले.

काका बघत राहिले. मग त्यांची काठी हळूहळू खाली आली. “तू आहेस होय,” ते म्हणाले.

“मी नाही तर कोण असणार?” काकी ओरडली. भीती वाटली की ती ओरडायचीच. “आणि तुम्ही इथे काय करताय थंडीत? सपाता घालून!”

“नांगरत होतो,” काका म्हणाले.

काकी ट्रॅक्टरवरून उतरली. काका वळून खुराड्यामागे चालू लागले, ती त्यांच्या मागून गेली. तिथे भिंतीच्या आडोशाला एक बादली पालथी घातलेली होती. बादलीसमोर जमिनीत दोन खळगे होते, एक डाव्या पायाला, एक उजव्या. टाचांनी दाबून दाबून पडलेले, कडा गुळगुळीत झालेल्या. एका दिवसात असे खळगे पडत नाहीत. काका बादलीवर बसले. त्यांचे पाय जिथल्या तिथे गेले.

“हा क्लच,” ते म्हणाले. “हा ब्रेक. तू उठून गेलीस की मी येतो. आधी आलो ते काळजीपोटी. उतारावर ट्रॅक्टर उलटला तर कोण बघणार? तू उताराला लागलीस की माझा पाय आपोआप खाली जायचा. मग ती सवयच झाली.”

“रोज?”

“झोप कुठे लागते मला.”

काकीला वाटत होतं, हे भिंतीकडे तोंड करून गाढ झोपतात. ती बोटांवर उठून, कडीचा आवाज न करता बाहेर पडायची, यांची झोप मोडू नये म्हणून. तिला हसावं की त्यांच्या पाठीत एक धपाटा घालावा, हेच कळेना. तिने शेवटी नाक पुसलं.

“दगडसुद्धा तुम्ही बघितलात.”

“बघितला. बूड चांगलंच आपटलं तुझं.”

“माझं ना? मग त्या मुलीला ‘मी आपटलो’ का सांगितलंत?” काकी त्यांच्यासमोर उकिडवी बसली. आता सुरुवात झालीच होती. “अहो, माझ्याकडे बघा. तुम्हाला माहीत आहे ना, मी नांगरते ते?”

काकांनी दोन्ही तळहात गुडघ्यांवर दाबून धरले.

“दिवसा माहीत असतं,” ते म्हणाले.

“आणि आता, पहाटे?”

“पहाटे नक्की नसतं. मी इथे बसतो आणि तिकडे बघतो. कोट माझा. टोपी माझी. खांदा माझ्यासारखा पाडलेला. दूधवाल्याला दोन बोटं करतो, तीही माझ्यासारखीच. तुतीजवळ येतो आणि वळतो. ते वळण तर माझंच आहे ना? दुसरं कोण वळेल तिथे? मग मला वाटतं, तो मीच. आणि मग वाटतं, तो मी, तर इथे बादलीवर बसलाय तो कोण?” त्यांनी तिच्याकडे बघितलं. “हेच त्या मुलीला सांगितलं मी. तुला सांगणार होतो. पण कसं सांगायचं? आणि आज तो सरळच गेला. एकदम सरळ. मला धडकीच भरली. म्हटलं, हा कोण आता?”

काकांचं नाव राहावं म्हणून तिने काय नाही केलं! त्यांचा खांदा उचलला, त्यांची बोटं उचलली, त्यांचं वाकडं तास उचललं. गावाला फसवायला निघाली होती आणि गाव फसलाही होता. पण सगळ्यात जास्त फसले होते ते हे, इथे, बादलीवर. ती मूठ झाकून बसली होती आणि मुठीत गुदमरत होते काका.

“वेडी आहे मी,” ती म्हणाली. “ठार वेडी.”

“तू कशाला? ते काम माझ्याकडे लागलंय बहुतेक.” काका किंचित हसले. मग जरा ओशाळून म्हणाले, “दिवसा मात्र एक बरं वाटायचं हं. मनात म्हणायचो, हिलाही तुतीजवळ सरळ नेता येत नाही तर!”

“मला?” काकी ताडकन उभी राहिली. “मला सरळ नेता येत नाही?”

“मग वळायचीस कशाला?”

“तुमचं दिसावं म्हणून! दर वेळी माझ्या बापाची माफी मागत वळायचे मी!”

हे ऐकून काकांचा चेहरा जो झाला, तोही त्या पाच कार्डांत नव्हता. काकीने कोट काढला. काकांच्या अंगावरचं पांघरूण ओढून घेतलं, त्यांचा एक हात कोटात घातला, मग दुसरा, थरथरणारा. तो बाहीत शिरेना, तिने आतून बोटं धरून ओढला. टोपी त्यांच्या डोक्यावर बसवली आणि कानांवर खेचली.

“हे तुमचं,” ती म्हणाली. “हे घालून इथे बसलाय, ते तुम्ही. आता तिकडे कोण दिसतं ते बघत राहा. मला हाक मारायची. नावाने मारायची, मोठ्याने. दर फेरीला.”

“आता उजाडलंय,” काका म्हणाले. “लोक बघतील.”

“बघू देत.”

“काय म्हणतील?”

काकीला ते माहीत नव्हतं. भीती वाटत होती. काकांच्या पाठीमागे लोक काय बोलतील याची, फोनवर मुलगा काय म्हणेल याची, आणि ज्या पहाटे कोट काढूनही उपयोग होणार नाही त्या पहाटेची. ती येणार होती, हे तिला थोरल्या नणंदेवरून ठाऊक होतं. पण ती आज नव्हती. पांघरूण खांद्यावर टाकून ती ढेकळं तुडवत परत गेली आणि उघड्या डोक्याने सीटवर चढली. या वेळी डावा खांदा पाडला नाही.

रस्त्यावर दूधवाला रिकाम्या किटल्या घेऊन परतत होता. त्याने सवयीने हात वर केला आणि तो हात तसाच वर राहिला. काकीने आपला अख्खा पंजा हलवला. त्याच्या मागून, चिखल चुकवत, प्रश्नवाली पलीकडच्या घराकडे निघाली होती. ती फाटकाशी थांबली. ट्रॅक्टरकडे बघितलं, खुराड्याशेजारी कोट-टोपी घालून बसलेल्या काकांकडे बघितलं.

“काकी!” तिने ओरडून विचारलं. “काल तुम्ही नांगरणीचं सांगितलंत, ते…”

“ते चुकलं!” काकी इंजिनाच्या आवाजावरून ओरडली. “खोड ते! मी करते नांगरणी! मी!”

मुलीने पिशवीत हात घातला, पण काही बाहेर काढलं नाही, नुसती उभी राहिली. काकीने गिअर टाकला. खुराड्याकडून तिच्या नावाची हाक आली, लग्नानंतर क्वचितच ऐकलेल्या नावाची, आधी चाचरत आणि मग गावाला ऐकू जाईल एवढी मोठी. ती ओ देत तुतीजवळून सरळ गेली. पुढे उतार लागला. तिने क्लचवर पाय ठेवता ठेवता बाजूला पाहिलं. बादलीवर बसलेल्या काकांचाही पाय खाली जात होता. दोघांतला कुणाचा आधी टेकला, ते मात्र तिला कळलं नाही.